असाध्य रोग्याची शुश्रूषा आणि आपले दान

आपल्या व्यापारी समाजाने आजवर केलेल्या दानधर्माची यादी करू लागलो तर या स्मरणिकेची पाने पुरावयाची नाहीत. धर्मशाळा, पाठशाळा, पांजरपोळ, रुग्णालयांतील खाटा आणि यंत्रे; ठिकठिकाणी आपल्यापैकी कोणाच्या तरी वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी दिसते. हे भूषणावहच आहे. तथापि, ज्या रोग्याला डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ असे सांगितले त्याच्यासाठी आपण काय केले, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर देणे जड जाईल.

कर्करोग वाढला म्हणजे घराची काय दशा होते, हे बेळगाव-निपाणीकडील कुटुंबांना निराळे सांगावयास नको. (आपल्या कित्येक घरांची भरभराट तंबाखूवर झाली आहे, याचाही येथे विसर पडू नये.) मुंबईस टाटा रुग्णालयाच्या खेपा होतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिने निघतात, आणि शेवटी रोगी परत येतो तो कागदांची जाड थैली घेऊन. मग घरात कुजबूज सुरू होते. त्याला काही सांगावयाचे नाही, असे सर्वांचे ठरते. जो माणूस दरवर्षी दिवाळीस वहीपूजन करून जुने खाते पुरे करतो, त्याच्यापासून त्याच्याच आयुष्याची बाकी लपविली जाते. देणी-घेणी, मुलांतील वाटणी, एखाद्या भावाशी धरलेला अबोला, हे सर्व तसेच राहते. रोग्याला बहुधा सारे कळलेले असते. फक्त बोलावयास कोणी मिळत नाही.

आणि वेदना? ती प्रारब्ध म्हणून सोसावयाची, अशी समजूत आहे. वस्तुतः ती पुष्कळ अंशी निवारता येते. लंडनमध्ये डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढून हे दाखवून दिले, आणि रोग्याचे दुःख केवळ देहाचे नसून मनाचे, कुटुंबाचे व श्रद्धेचेही असते, असे शिकविले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने औषध देण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मुंबईत डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ‘शांती आवेदना सदन’ स्थापिले. त्याची एक शाखा आपल्या शेजारी गोव्यात लोटली येथे निघाली.

तीव्र वेदनेवरचे मुख्य औषध मॉर्फीन. ते अफूपासून होते, म्हणून नाव काढताच आपली माणसे दचकतात. गंमत अशी की, माळव्यातील अफूच्या व्यापारावर एके काळी मोठमोठ्या पेढ्या चालल्या. आजही नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखान्यांत अफू शुद्ध होते. आणि याच देशातील रोगी गोळीवाचून तळमळत राहतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांची इतकी गुंतागुंत झाली की रुग्णालये मॉर्फीन ठेवीनाशी झाली. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट पुष्कळ सुकर झाली, परंतु भीती गेली नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फीनचे व्यसन क्वचितच लागते. आरंभीची गुंगी बहुधा थोड्या दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र होते, म्हणून सोबत रेचक द्यावे लागते.

आपल्या घरांतली खरी अडचण निराळीच असते. साधी गोळी दर चार तासांनी घ्यावयाची, आणि रोग्याला तर चौविहाराचा नियम. पुष्कळजण डॉक्टरांना हे सांगतच नाहीत; रात्रीची गोळी मुकाट्याने चुकवितात व पहाटेपर्यंत कण्हत राहतात. बारा तास गुण राहणारी गोळी मिळते. कातडीवर चिकटवावयाची, तीन दिवस पुरणारी औषधी पट्टीही मिळते. ती ज्याची त्याला मानवेल की नाही हे डॉक्टरच ठरवितील, परंतु नियम सांगितला तरच ना! समाधिमरणाची भावना आपल्या समाजात थोर मानली आहे. पण वेदनेने व्याकुळ झालेल्याला णमोकार मंत्र तरी धड ऐकू येईल काय? वेदनाशमन म्हणजे मरण लवकर आणणे नव्हे आणि लांबविणेही नव्हे. चित्त ठिकाणावर राहावे एवढीच त्याची धडपड.

औषधाखेरीज कितीतरी गोष्टी साध्या आहेत. दर दोन तासांनी कूस बदलली व हवेची गादी मिळाली तर पाठीला क्षते पडणे पुष्कळ टळते. तोंडाच्या कर्करोगाच्या जखमेस दुर्गंधी येते, घरची माणसेही जवळ बसेनाशी होतात. मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड, परिचारिकेने दाखविल्याप्रमाणे जखमेवर टाकली तर ती दुर्गंधी बरीच कमी होते. त्या एका पुडीने नातवंडे पुन्हा आजोबांच्या खाटेजवळ येतात. यासाठी मोठी इमारत लागत नाही. केरळात १९९३ साली कोझिकोडे येथे डॉ. राजगोपाल प्रभृतींनी संस्था काढली. पुढे गल्लोगल्लीचे सामान्य लोक शिकून रोग्यांच्या घरी जाऊ लागले आणि लोकांच्या लहानसहान वर्गण्यांवर काम वाढले. २००८ साली त्या राज्य सरकारने त्याविषयीचे धोरणच जाहीर केले.

आपल्या संघाने येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, अशी माझी सूचना आहे. एका फिरत्या परिचारिकेचे वेतन, तीन-चार खाटा, हवेच्या गाद्या व प्राणवायूचे यंत्र, एवढा भार आपल्या पेठेस अवघड नाही. मॉर्फीन संघाने ठेवावयाचे नाही. ते मान्यताप्राप्त रुग्णालयातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच यावयाचे, आणि उरलेल्या गोळ्या तेथेच परत करावयाच्या. जिल्ह्यातील कोणत्या रुग्णालयात ते मिळते याची चौकशी चिटणीसांनी सभेपूर्वी करून ठेवावी. या कामात पाटी लावावयास भिंत नाही, हे मात्र वर्गणीदारांना आधीच सांगितलेले बरे.