बालनटांचे देणे

गेल्या महिन्यात वर्ध्यास लागून असलेल्या सिंदी मेघे येथे आम्ही एका स्नेह्यांच्या घरी बसलो असता गृहिणींनी आपल्या सहा वर्षांच्या मुलीस आतून हाक मारली आणि पाहुण्यांना 'तो संवाद' म्हणून दाखविण्यास सांगितले. मुलगी अर्धवट झोपेत होती. तिने थोराड बाईचे हावभाव करून एका मालिकेतील भांडण हुबेहूब वठविले, टाळ्या घेतल्या आणि लगेच आईच्या मुखाकडे पाहिले. वडिलांनी मोबाईलवर चित्रण केलेच होते. मुंबईस निवडचाचणीसाठी नेण्याचा बेत ठरला होता. शाळेचे काय, असे आम्ही विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "शाळा काय, पुढेही आहेच, हे वय मात्र पुन्हा यायचे नाही." हे शेवटचे वाक्य अक्षरशः खरे आहे, आणि ते खरे आहे म्हणूनच हा लेख लिहिणे आम्हांस भाग पडले.

लहानपणी गाजलेला नट पुढे निराशेने ग्रासला, व्यसनात बुडाला किंवा माणसांतून उठला, की आपला सुशिक्षित समाज एक ठरीव निकाल देऊन मोकळा होतो: 'कीर्ती पचली नाही.' हा निकाल आम्हांस मुळीच मान्य नाही. कीर्ती पचविणे हे सहा वर्षांच्या मुलाचे काम केव्हाही नव्हते. अजीर्ण झाले तर दोष खाणाऱ्या बालकाचा, की भरविणाऱ्या वडीलधाऱ्यांचा?

हा प्रश्न आजचा नव्हे. आमच्या संगीत रंगभूमीच्या वैभवकाळात स्त्रीभूमिकांसाठी गोड गळ्याची मुले नाटकमंडळ्या हेरून आणीत. त्या मुलांचे शिक्षण म्हणजे तालीम, घर म्हणजे बिऱ्हाड आणि आप्त म्हणजे मालक. काहींचा भाग्योदय झाला, हे कोण नाकारील? परंतु कंठ फुटला, ओठांवर मिसरूड दिसू लागली आणि नवा आवाज चालेनासा झाला, की त्या मुलाचे पुढे काय झाले हे रसिकांनी विचारले नाही. नाट्येतिहासात नावे उरली ती तरलेल्यांची. बुडालेल्यांची गणतीच नाही.

जे तरले त्यांचीही कथा पाहण्याजोगी आहे. दीनानाथ मंगेशकर कोवळ्या वयातच किर्लोस्कर नाटकमंडळीत आले. १९१८ साली, विशीही गाठली नसता, ते बळवंत संगीत मंडळीच्या चालकांत होते. पुढे बोलपटांनी रंगभूमीचा प्रेक्षक ओढून नेला, स्वतः काढलेल्या चित्रपटात पैसा बुडाला, मंडळी मोडली. व्यसन व आजार यांनी खंगून २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यास ते वारले, तेव्हा वय अवघे एकेचाळीस. या अखेरीचे सारे खापर त्यांच्या बालपणावर फोडावे, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यास जाणत्या वयापासून टाळीवाचून दुसरे मोजमाप ठाऊक नाही, त्याच्या पायांखालून रंगमंच काढून घेतला तर त्याने कशावर उभे राहावे? आणि त्याच वर्षी त्यांची बारा वर्षांची ज्येष्ठ कन्या घर चालविण्यासाठी तोंडास रंग लावून 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात उभी राहिली. ती पुढे लता मंगेशकर झाली, म्हणून आपण या घटनेकडे कौतुकाने पाहतो. आपल्याला ते रंगणे, ते कॅमेऱ्यापुढे उभे राहणे कधीच आवडले नाही, असे लताबाईंनी स्वतः सांगितले आहे, ते मात्र आपण कौतुकाच्या भरात विसरतो.

कोणी म्हणेल, त्या काळी मनाच्या दुखण्याचे ज्ञान नव्हते. मग आज तरी कोणते दिवे लागले आहेत? 'दंगल' या २०१६ च्या चित्रपटाने घराघरांत पोहोचलेल्या व राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेल्या झायरा वसीम हिने मे २०१८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, आपण कित्येक वर्षे नैराश्याने व चिंताविकाराने पीडित असून औषधे घेत असल्याचे जाहीरपणे लिहिले. इतक्या लहान वयात कसले नैराश्य, हा वयाचा एक टप्पा आहे, निघून जाईल, असेच तिला वारंवार ऐकविण्यात आले होते. पुढच्याच वर्षी तिने चित्रपट सोडला. तिने दिलेली कारणे धर्मश्रद्धेची होती. त्यांवर वादंग माजले. पण वादंग करणाऱ्यांपैकी किती जणांना आधीच्या वर्षीचे तिचे पत्र आठवले?

दुसरे उदाहरण शफीक सय्यद याचे. १९८८ च्या 'सलाम बॉम्बे'मध्ये चहावाल्या पोराचे काम करून त्याने सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. पुढे बेंगळुरूस परतून तो रिक्षा चालवू लागला. वृत्तपत्रांनी ही कहाणी पुनःपुन्हा छापली, आणि दर वेळी हळहळ रिक्षाची! कष्टाची भाकरी खाणे ही अधोगती नव्हे. रस्त्यावरच्या मुलास उचलून राष्ट्राच्या राजधानीत गौरवावे, छायाचित्र काढावे आणि मग त्याच्या शिक्षणाची वा भवितव्याची वास्तपुस्त न करता त्यास होता तेथे जाऊ द्यावे, ही अधोगती खरी, आणि ती त्याची नसून गौरव करणाऱ्यांची आहे.

बालनटाच्या मनास इजा होते ती कीर्ती गेल्यामुळे नव्हे. ती होते कीर्ती असतानाच. सर्वसाधारण मुलास आईचे प्रेम काही न करता मिळते. बालनटास ते करून दाखविल्यावर मिळते, निदान त्याची तशी समजूत होते. बाप व्यवस्थापक झाला, की बापाजवळ रडता येत नाही. घराचे भाडे आपल्या हसण्यावर चालते हे ज्या मुलास कळले, त्यास न हसण्याची मुभा उरत नाही. मग वय वाढते, चेहरा बदलतो, बोलावणी थांबतात; आणि त्या मुलास वाटते, की काम गेले नाही, आपणच गेलो.

आमच्यावर सचिन पिळगांवकरांचे उदाहरण फेकले जाईल. 'हा माझा मार्ग एकला'पासून त्यांनी जी दीर्घ वाटचाल केली ती आम्हांसही अभिमानास्पद वाटते. परंतु एक पोहून गेला म्हणून नदीस उतार आहे असे ठरत नाही. आम्हांस अधिक बोधप्रद वाटतात ते माधव वझे. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, त्यातील श्याम तो हाच. वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यसमीक्षक झाले, आणि अभिनयही त्यांनी आपल्या मर्जीने केला. श्याम ही त्यांची ओळख राहिली. एकमेव ओळख राहिली नाही. सारे मर्म या शेवटच्या शब्दांत आहे.

कायद्याने काय केले? अमेरिकेत चॅप्लिनच्या 'द किड' या १९२१ च्या चित्रपटाने जगप्रसिद्ध झालेला जॅकी कूगन वयात आला तेव्हा त्याची कमाई आई व सावत्र बापाने उडविल्याचे उघड झाले. त्याच्या खटल्यानंतर १९३९ साली कॅलिफोर्नियाने बालनटांच्या मिळकतीच्या रक्षणाचा कायदा केला. आपल्याकडे २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावण्यास बंदी झाली. पण चित्रपट, मालिका व जाहिराती यांस सवलत ठेवली गेली. २०१७ च्या नियमांप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, दिवसास पाच तासांहून अधिक आणि सलग २७ दिवसांहून अधिक काम नको, शाळेत खंड नको, आणि मिळकतीचा निदान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदतठेवीत हवा. नियम चांगले आहेत. परंतु उरलेल्या ८० टक्क्यांचे काय, हे विचारणे आम्हांस असभ्यपणाचे वाटत नाही. आणि काम संपल्यावर त्या मुलाच्या मनाची विचारपूस करण्याचे ओझे या नियमांनी कोणाच्याच शिरावर टाकलेले नाही. घरच्या बैठकीत मोबाईलवर जे चित्रण चालते, तेथे तर निर्माता, दिग्दर्शक व पालक एकच. तेथे परवानगी मागावयाची कोणी आणि कोणाकडे?

वर्धेकरांनी तरी हा प्रश्न नवा मानू नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्धा शहरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि नयी तालीमची योजना पुढे आली. मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च भागावा, या कल्पनेवर तेव्हा कडाक्याचा वाद झाला. आणि योजनेचा आराखडा करणाऱ्या झाकीर हुसेन समितीनेच बजावून ठेवले, की आर्थिक बाजूवर भर देऊन मुलांकडून जास्तीत जास्त श्रम काढून घेण्याचा धोका आहे. सूत कातणाऱ्या मुलांविषयी जी धास्ती त्या विचारवंतांस वाटली, ती प्रखर दिव्यांखाली बारा बारा वेळा तोच संवाद म्हणणाऱ्या मुलाविषयी आपणांस का वाटू नये? कातण्यातून मुलास निदान एक विद्या तरी मिळत होती.

आमचे मागणे मोठे नाही. पालकांनी मुलाची सर्व कमाई त्याचीच समजावी. शाळा ही अडचण न मानता तीच मुख्य गोष्ट मानावी. मूल नको म्हणाले, की चित्रण थांबावे. काम संपल्यावर मूल गप्प झाले, झोपेनासे झाले, तर 'नाटक करतो' असे म्हणू नये. सेवाग्राम आणि सावंगी मेघे येथील वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलि-मानस सेवा आहे. वैद्यांची वाण इथे तरी नाही. वाण आहे ती, माझ्या मुलाचे मन दुखत आहे, असे मोठ्याने म्हणणाऱ्या आईबापांची.

आणि रसिकांचे काय? सिंदी मेघे येथील त्या संध्याकाळी आम्ही स्वतः गप्प राहिलो. इतकेच नव्हे, तर सर्वांबरोबर टाळ्याही वाजविल्या. मुलगी झोपेत होती हे आम्हांस दिसत होते. तेव्हा जे बोलावयास हवे होते ते आम्ही आज लिहीत आहोत. तिला झोपू द्यावे.