दुःख आणि पाप

विपत्ति आली कीं तिच्यामागें कोणाचें तरी पाप शोधावयाचें, ही मनुष्याची फार जुनी खोड आहे. आजारी मुलाच्या आईस शेजारपाजारचे हेंच विचारतात. आणि, सांगावयास संकोच वाटतो, पण कित्येक ख्रिस्ती घरांतूनही हें ऐकूं येतें. आमचें मत याच्या उलट आहे. तें कां, हें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें. ख्रिस्ती मनुष्य जगाकडे कसा पाहतो याची खरी परीक्षा येथेंच होते.

१९३४ च्या जानेवारींत बिहारांत मोठा भूकंप झाला. ती अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वरानें केलेली शिक्षा होय, असें महात्मा गांधींनीं म्हटलें. अस्पृश्यतेचा तिटकारा रवींद्रनाथ ठाकुरांसही होता. तरी सृष्टीच्या उत्पातास असा नीतीचा अर्थ लावणें त्यांस पटलें नाहीं, व त्यांनीं तसें जाहीर लिहिलें. महात्माजींविषयीं पूर्ण आदर राखून आम्ही या वादांत कविवर्यांच्या बाजूचे आहों. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत हजारों माणसें मेलीं. तेथील घरांच्या जाड दगडमातीच्या भिंती निजलेल्यांवर कोसळल्या. भिंत पडतांना आंतल्या माणसाचें पुण्य मोजीत नाहीं.

शास्त्राची साक्षही अशीच आहे. ईयोबाचे मित्र देवभीरु होते आणि त्यांचा युक्तिवाद दिसावयास बिनतोड होता: देव न्यायी, ईयोब दुःखी, तस्मात् ईयोब पापी. ग्रंथाच्या शेवटीं देवाचा कोप होतो तो या वकिलांवर. योहानाच्या नवव्या अध्यायांत एका जन्मांधाविषयीं शिष्य विचारतात कीं पाप याचें कीं याच्या आईबापांचें. प्रभु दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसास दृष्टि देतो. पालकांनीं हा अध्याय मुलांसह अवश्य वाचावा. घरांत आजार शिरला असतां मुलाच्या कानीं पापाची भाषा पडली, तर तें मूल ती मोठेपणींही विसरत नाहीं.

मग चांगल्या देवाच्या जगांत वाईट आलें कोठून? संत ऑगस्टीन (इ. स. ३५४–४३०) तरुणपणीं सुमारें नऊ वर्षें मानी पंथाच्या नादीं होता. प्रकाश व अंधार अशीं दोन अनादि तत्त्वें मानून त्या पंथानें हा प्रश्न सोडविला होता. पुढें ऑगस्टीनास उमजलें कीं वाईट ही स्वतंत्र वस्तु नव्हे, ती चांगल्याची उणीव. आंधळेपण म्हणजे दृष्टीचा अभाव, तसें. या सिद्धांताचा आम्हांस मोठा आधार वाटतो, कारण त्यामुळें शरीर व जग यांस तुच्छ लेखावें लागत नाहीं. परंतु मुलाच्या उशाशीं बसलेल्या आईस अभावाची व्याख्या सांगून काय उपयोग? तर्क येथवर आणून सोडतो.

यापुढें आमची श्रद्धा बोलते. देव ख्रिस्ताच्या ठायीं आमच्या दुःखांत स्वतः उतरला आणि निरपराध असून दोन गुन्हेगारांच्या मध्यें मरण पावला. वधस्तंभाकडे पाहून 'दुःखी तो पापी' हें गणित कोण मांडील? दुःख कां, याचें सगळें उत्तर मात्र आमच्यापाशीं नाहीं. तें आपणांस गवसलें असें सांगणाऱ्या उपदेशकांची आम्हांस, खरें म्हणजे, थोडी धास्तीच वाटते.