बेगमी कुणाला परवडते?

बेगमी हा शब्द आता वर्तमानपत्रातही क्वचितच भेटतो. मार्च २०२० मध्ये त्याचे पुनरागमन व्हायला हरकत नव्हती. पण त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, ‘स्टॉक’. ‘काय हो, स्टॉक केला की नाही?’ असे लोक एकमेकांना फोनवर विचारीत. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. जीवनावश्यक वस्तू मिळत राहतील हा खुलासा लोकांच्या कानी नीट पडण्याआधीच माणसे पिशव्या घेऊन बाहेर पडली होती. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. नांदेडात आमच्या भागातल्या किराणा दुकानापुढे त्या रात्री साखरेच्या गाठी घ्यायला आलेला माणूस साखरेचे पोते घेऊन परतला. कुणी वीस किलो मैदा नेला. त्या मैद्याचे पुढे काय झाले, हे मे महिन्यात घरोघरच्या केकची छायाचित्रे पाहून कळले.

या गर्दीला मी बेगमी म्हणणार नाही. बेगमी घाईत होत नाही. ती माघ-फाल्गुनात सुरू होते आणि मृगापर्यंत चालते. मराठवाड्यातल्या घरांना ती कुणी शिकवावी लागत नव्हती. रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरी आली की आधी माणसांची मोजदाद व्हायची. घरची खाती तोंडे किती, सालगड्याला सालाचे किती द्यायचे, बलुत्याचे किती, माहेरवाशिणी किती दिवस राहणार, एखादे लग्न निघाले तर काय. त्यावरून किती पायल्या ठेवायच्या आणि किती मोंढ्यावर न्यायच्या हे ठरे. हा हिशेब कागदावर कधी उतरला नाही. तो घरातल्या थोरल्या बाईच्या डोक्यात असे आणि बहुधा चुकत नसे.

साठवणीच्या जागाही ठरलेल्या होत्या. मोठ्या खटल्याच्या घरी अंगणात नाहीतर गावाच्या पांढरीत पेव असे. जमिनीत खोल खणलेले, आतून लिंपलेले, तोंडाशी कडबा आणि माती घालून बंद केलेले. त्यात ज्वारी वर्षानुवर्षे टिकत असे, तिला एक वास येई एवढेच. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. आतली हवा कोंदट आणि विषारी झालेली असते. आधी दिवा सोडून पाहायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा. मध्यम घरात भिंतीतले बळद. त्याहून लहान घरात तुराट्यांची, शेणामातीने सारवलेली कणगी. धान्यात लिंबाचा पाला आणि राख. तुरीची डाळ उन्हाळ्यात घरीच भरडून ठेवायची. आणि चैत्र-वैशाखात गच्चीवर, अंगणात, बाजेवर वाळत टाकलेल्या कुरडया, सांडगे, शेवया, पापड. भाजी न मिळण्याचे दिवस दरवर्षीच येत असल्यामुळे त्यासाठी महामारीची वाट पाहावी लागत नसे.

मात्र हे सगळे आठवून गहिवरून जाण्याचे कारण नाही. पेव ज्याच्या अंगणात होते, त्याच्याच दारात आषाढात गावातली निम्मी माणसे उभी राहत. त्यांना धान्य मिळे ते वाढीदिढीने. आज एक पोते न्यायचे, सुगीला दीड आणून घालायचे. एका घरची बेगमी ही दुसऱ्या घराच्या गळ्याचा फास होती, हे आपल्या जुन्या सुबत्तेच्या आठवणींतून सोयीस्करपणे गळून जाते. रेशनचे दुकान गावात आले त्या दिवशी काही अंशी तरी पेवाची सत्ता संपली. रेशनला नावे ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

तर मार्च २०२० कडे येऊ. त्या टाळेबंदीत मराठवाड्यातली खेडी तगली, याचे श्रेय अनेकांनी आपल्या ‘काटक’ स्वभावाला दिले. माझ्या मते मोठे श्रेय पंचांगाला आहे. चैत्र लागत होता. तूर आणि हरभरा घरात येऊन पडलेले, ज्वारीची काढणी-मळणी झालेली किंवा होत आलेली, गहू उभा नाहीतर खळ्यावर. हीच बंदी श्रावणात आली असती, जुनी ज्वारी संपलेली आणि नवे पीक शेतात हिरवे असताना, तर काय झाले असते याचा विचार करून पाहावा.

त्या भरलेल्या घरांचाही हिशेब विस्कटला, कारण खाती तोंडे एकदम वाढली. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली किती घरे पुण्या-मुंबईच्या पगारावर चालतात, हे त्या वर्षी रस्त्यावर दिसले. मुले, सुना, नातवंडे गावी परतली. गावाने त्यांना आधी शाळेत ठेवले, चौदा दिवस मोजले, मग घरात घेतले. पाच माणसांसाठी ठेवलेली ज्वारी अकरा माणसांनी खाल्ली. शहरातून दरमहा येणारी रक्कम बंद, आणि ती पाठवणारा माणूस पंगतीला. इतकी वर्षे शहर गावाला पोसते असे मानणाऱ्यांना त्या उन्हाळ्यात उलटा प्रवाह दिसला.

पण सगळ्याच शेतकऱ्यांकडे खाण्याजोगे धान्य होते का? मला इथेच थांबायचे आहे, कारण शहरातल्या वाचकाची समजूत अशी असते की शेतकऱ्याच्या घरी निदान भाकरीची ददात नसते. गेल्या तीसेक वर्षांत लातूर-नांदेडच्या खरिपाचे रूप पालटले आहे. जिथे हायब्रीड ज्वारी, मूग, उडीद दिसे तिथे आज नजर पोचेल तिथवर सोयाबीन. त्यात चूक कुणाची नाही. पैसा त्यातच होता. पण सोयाबीन कणगीत ठेवून खाता येत नाही. ते अडतीवर जाते, त्याचे तेल निघते, पेंड निघते, आणि शेतकरी त्या पैशातून गव्हाचे पीठ आणि तेलाची पिशवी विकत आणतो. ज्वारी गेली तसा कडबाही गेला, म्हणजे जनावरांचीही बेगमी संपली. ज्याच्या रानात रब्बी होत नाही, पाणी नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्याचे घर मार्च २०२० मध्ये किराण्याच्या बाबतीत नांदेडच्या सदनिकेपेक्षा फार वेगळे नव्हते. फरक एवढाच की सदनिकेच्या खाली दुकान होते.

घरेही बदलली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगडमातीच्या जाड भिंतींची लोकांना धास्ती बसली, आणि ती योग्यच होती. पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसली, सिमेंटची आटोपशीर घरे मिळाली. त्या घरांत बळद कुठून असणार? कणगी ठेवायला ओसरी कुठे होती? जीव वाचवणारे घर हवेच होते. पण शेतकऱ्याच्या घरात माणसांखेरीज धान्यालाही जागा लागते, हे आराखडे काढणाऱ्यांच्या ध्यानात फारसे आले नाही.

शहरात प्रश्न जागेचा नव्हता, रोख पैशाचा होता. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना मी त्या आठवड्यात म्हटले, ‘महिन्याभराचे भरून ठेवा बरं का.’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘काकू, महिन्याचं भरायला महिन्याचे पैसे एकदम हातात यावं लागतेत. आमच्या मालकाचे रोज येतेत अन् रोज जातेत.’ त्यांचे पती मोंढ्यात हमाली करीत. मोंढा बंद म्हणजे रोज बंद. पाव किलो तेल, दहा रुपयांची साखर, चहाची पुडी असा रोजचा किराणा करणाऱ्या माणसाला पावशेरामागे जास्तच दाम मोजावे लागतात. पण एकरकमी खरेदीची ऐपत नसते. ‘घाबरू नका, साठा करू नका’ असे सरकार सांगत होते, ते आमच्यासारख्यांना. ज्यांना साठा करता येणेच शक्य नव्हते, त्यांना सांगण्यासारखे त्या रात्री कुणाकडेच काही नव्हते.

धान्य देशात कमी होते म्हणावे तर तसेही नाही. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांत त्या एप्रिलमध्ये ठरलेल्या बफर साठ्याच्या दुपटीहून अधिक धान्य होते. लातूरसारखे डाळींच्या बाजारपेठेचे आणि डाळ मिलांचे गाव हाकेच्या अंतरावर. अडले ते हमाल, वाहतूक आणि परवाने यांपाशी. माणशी पाच किलो मोफत धान्याची घोषणा २६ मार्चला झाली, म्हणजे घरे बंद झाल्यावर. रेशनच्या यादीबाहेरच्या केशरी कार्डधारकांसाठी आठ रुपये किलो गहू आणि बारा रुपये किलो तांदूळ ही सवलत आली ती मे आणि जून महिन्यांसाठी. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली, हे चांगलेच झाले. पण थाळी ही आजच्या भुकेची सोय असते, बेगमी नव्हे.

याच नांदेडात बेगमीचे एक वेगळे रूपही पाहायला मिळाले. हजूर साहिबला दर्शनाला आलेले सुमारे चार हजार शीख यात्रेकरू टाळेबंदीत इथेच अडकले. एप्रिलअखेरीस पंजाबकडे त्यांची रवानगी होईपर्यंत महिनाभर ते जेवले कसे? गुरुद्वाऱ्याच्या लंगरने. त्यासाठी २४ मार्चच्या रात्री कुणाला किराणा दुकानात धावावे लागले नाही. जो कुणी येईल तो जेवेल, या हिशेबाने तिथले कोठार बारमाही भरलेले असते. तोंडे मोजून ठेवलेल्या साठ्यात आणि न मोजता ठेवलेल्या साठ्यात हा फरक आहे. (परतलेल्या यात्रेकरूंपैकी अनेक जण पंजाबात बाधित निघाले आणि त्यावरून पुष्कळ दोषारोप झाले. तो विषय निराळा.)

लातूरकरांकडून शिकण्यासारखे पाण्याबाबत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. त्याआधी मार्चमध्ये टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. विषाणूच्या आधी चार वर्षे लातूरने १४४ कलम पाहिले ते पाण्यासाठी. तेव्हापासून तिथल्या घरांत पिंप, टाकी, हौद यांचा संसार वाढतच गेला. ‘वीस सेकंद हात धुवा’ ही सूचना दिल्लीहून आली, तेव्हा कित्येक गृहिणींनी आधी पिंपात डोकावून पाहिले असेल.

२०२१ च्या एप्रिलात लोकांनी काय साठवले, तेही सांगितले पाहिजे. रेमडेसिव्हिर. घरात रुग्ण नसतानाही कुपी मिळवून शीतकपाटात ठेवणारी माणसे होती. नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातल्या रुग्णांना हे औषध देऊ नये असा सल्ला दिला होता, पण भीतीपुढे तो टिकला नाही. ज्वारीचे पोते जास्त भरले तर शेजाऱ्याला देता येते. मुदत संपलेली कुपी कुणाला देणार?

कायद्याची गोष्ट आणखी गमतीची. साठेबाजी रोखण्यासाठी १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे. मार्च २०२० मध्ये मुखपट्ट्या आणि सॅनिटायझर त्याखाली आणले. जूनमध्ये अध्यादेश काढून डाळी, खाद्यतेल, कांदे यांच्या साठ्यावरची बंधने सैल केली. शेतकरी आंदोलनानंतर २०२१ च्या अखेरीस तो बदलही मागे घेतला, आणि त्याआधी जुलैत डाळींवर साठामर्यादा लावूनही झाली होती. दीड वर्षात सरकारचे मत इतक्या वेळा बदलले. तुरीच्या डाळीने २०१५ मध्ये दोनशे रुपये किलोचा भाव दाखवला, तेव्हाही छापेच पडले होते. व्यापाऱ्याच्या गोदामात किती असावे यावर एवढा खल; पण गरिबाच्या घरात निदान किती असावे, याची मर्यादा आजवर कुणी ठरवलेली नाही.

हे सगळे आज लिहायचे कारण असे, की त्या अनुभवानंतर आपण जे केले ते उलट्या दिशेने आहे. मराठवाड्याचे सगळे आठ जिल्हे, अमरावती विभाग आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून दोन रुपये किलो गहू आणि तीन रुपये किलो तांदूळ मिळत असे, माणशी पाच किलो. आत्महत्याग्रस्त भाग म्हणून दिलेली ही सवलत. सोयाबीन पिकवणाऱ्या घरात खाण्याचे धान्य येण्याची तीच एक खात्रीची वाट होती. २०२३ मध्ये शासनाने तिथे धान्याऐवजी माणशी दरमहा दीडशे रुपये बँकेत जमा करण्याचा निर्णय घेतला. धान्य उपलब्ध होत नाही, हे कारण.

रोखीला माझा सरसकट विरोध नाही. पैसा हातात असला की माणूस आपल्या गरजेप्रमाणे खर्च करतो, हे खरे. पण या रोख रकमेत पाच किलो ज्वारी येते का, हे नव्या मोंढ्यात कुणीही विचारून यावे. आणि बँकेतले पैसे काढायला तालुक्याला जावे लागते. मार्च २०२० मध्ये तालुक्याचा रस्ताच बंद होता, एसटी आगारात उभी होती. धान्य महाग होण्याच्या वेळी रोख रक्कम आक्रसते. कणगीतली पायली मात्र पायलीच राहते.

निदान ज्येष्ठ ते भाद्रपद या चार महिन्यांचे तरी धान्य या चौदा जिल्ह्यांत पावसाळ्याआधी एकदम द्यावे, आणि ते गहू-तांदळाऐवजी इथल्याच रब्बी ज्वारीच्या रूपात खरेदी करून द्यावे. शासन ज्वारी हमीभावाने घेते. ती इथल्याच गोदामात ठेवून इथेच वाटता येईल. दूरच्या राज्यातून गव्हाची वाघिणी येण्याची वाट पाहावी लागणार नाही. रब्बीत ज्वारी पेरावी की हरभरा, या विचारात असलेल्या औसा, कंधार, लोहा, अहमदपूरच्या शेतकऱ्यालाही ज्वारीकडे वळायला एक कारण मिळेल. निर्णय घ्यायचा तर तो पेरणीपूर्वी, भाद्रपदातच जाहीर व्हायला हवा.