भाव आणि मजुरी : रेघा दोन की एक?

नौपाडा आज पक्की शहरी वस्ती आहे. तेथे तांदूळ दिसतो तो वाण्याच्या दुकानात. परंतु त्याच ठाणे जिल्ह्यातील मुरबाड-शहापूरकडील भातशेतकऱ्यापुढे दरसाल एक प्रश्न उभा राहतो : भाताचा भाव वाढला खरा, पण मजुरी त्याहून अधिक वाढली की काय? याचे उत्तर म्हणून पंचायतीच्या भिंतीवर दोन रेघांचा आलेख लावला, तर उत्तर झाकले जाण्याचाच संभव अधिक.

साधारण भाताचा आधारभूत भाव २०१४-१५ साली क्विंटलला १,३६० रुपये होता. २०२४-२५ साली तो २,३०० झाला. राज्यातील रोजगार हमीची मजुरी त्याच काळात रोजी १६८ वरून २९७ रुपयांवर गेली. भावाचे आकडे कागदाच्या डाव्या कडेस व मजुरीचे उजव्या कडेस मांडले म्हणजे दोन्ही रेघा चढतात, आणि कोणती वर राहावी हे काढणाराच ठरवितो! उजवीकडील आकडे दाट मांडले की मजुरी खाली बसते, विरळ मांडले की आभाळाला भिडते. खोटा आकडा मात्र एकही नसतो.

विल्यम प्लेफेअर याने १८२१ साली इंग्लंडातील गव्हाचा भाव व कारागिराची आठवड्याची मजुरी एकाच पत्रकावर दाखविली. पत्रक देखणे आहे. पण मजुराला गहू स्वस्त झाला की महाग, हे जाणण्यासाठी वाचकाला स्वतःच भागाकार करावा लागतो.

तो भागाकार आलेख काढणाऱ्यानेच करावा. एक क्विंटल भाताच्या भावात किती रोजांची मजुरी निघते? २०१४-१५ साली ८.१ रोज. २०१९-२० साली भाव १,८१५ व मजुरी २०६ असता ८.८. पुढच्याच वर्षी भाव १,८६८ झाला, पण मजुरी २३८ झाली. रोज उरले ७.८. २०२४-२५ साली ७.७. चढत्या दोन रेघांच्या पोटात ही उतरण दडलेली होती.

पाऊस व उत्पन्न यांचा असा भागाकार अर्थहीन ठरेल. तेथे दोन आलेख एकाखाली एक, वर्षे जुळवून काढावेत. आणि पाऊस आठवड्यावार घ्यावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. वर्षाच्या बेरजेत तोही नुसता ‘भरपूर पाऊस’ म्हणूनच जमा होतो.

लावणीच्या घाईत मजुरी हमीच्या दरावर थांबत नाही, व आधारभूत भाव प्रत्येकाच्या पदरी पडतोच असे नाही. सबब ग्रामसेवकाने गावात प्रत्यक्ष दिलेली मजुरी व प्रत्यक्ष हाती आलेला भाव यांवरूनच ही एक रेघ काढावी.