मळीला निरुपद्रवी कोण म्हणतो?

साखर कारखान्याची मळी नदीत गेली आणि मासे मरून तरंगू लागले, अशी बातमी आपल्याकडे दर काही वर्षांनी येते. तिच्या पाठोपाठ एक खुलासाही ठरलेला असतो : मळी म्हणजे काही विष नव्हे, ती उसाचाच अंश, गुरेसुद्धा ती खातात. असा खुलासा करणाऱ्यांना आम्ही होनोलुलू बंदराची हकीकत ऐकवू इच्छितो.

हवाई बेटांवर तेव्हा ऊस पिकत होता आणि त्याची मळी होनोलुलूहून जहाजाने अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पशुखाद्यासाठी जात असे. ९ सप्टेंबर २०१३ रोजी मॅटसन या जहाज कंपनीच्या नळाला लागलेल्या गळतीतून सुमारे १,४०० टन, म्हणजे २ लाख ३३ हजार गॅलन मळी बंदराच्या पाण्यात गेली. खनिज तेल सांडले तर ते पृष्ठभागावर तरंगते. त्याला अडवता येते, काही प्रमाणात गोळाही करता येते. मळी समुद्राच्या पाण्याहून पुष्कळ जड. ती थेट तळाशी गेली, खळग्याखळग्यांत साचली आणि हळूहळू पाण्यात विरघळत राहिली. साखर आयतीच मिळाल्यावर पाण्यातले सूक्ष्म जंतू झपाट्याने वाढतात आणि ती पचवताना पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. माशांना कोणी विष घातले नव्हते. त्यांचा श्वास काढून घेतला गेला होता. ते वर येऊन पाण्याच्या पृष्ठाशी तोंडे उघडू लागले. तळाचे खेकडे आणि वाम यांना तेवढीही सवड मिळाली नाही. आणि खडकाला जखडलेले प्रवाळ पळणार तरी कुठे?

बंदर आणि शेजारची कीही खाडी यांतून मेलेले मासे व इतर जलचर गोळा करण्यात आले, त्यांची संख्या २६ हजारांवर गेली. ही झाली हाती लागलेल्यांची मोजदाद. मेलेल्या माशांच्या वासाने शार्क येतील म्हणून लोकांनी पाण्यात उतरू नये, असेही बजावावे लागले. निरुपद्रवी पदार्थाचा हा उपद्रव! सरकारी यंत्रणेच्या हाती वाट पाहण्यापलीकडे फारसे काही उरले नव्हते : भरती-ओहोटीने पाणी बदलेल तेव्हा बदलेल. पण कीहीसारख्या कोंडलेल्या खाडीत पाणी खेळणार तरी किती?

आमचा खरा रोष गळतीवर नाही. नळ गंजतात, सांधे सुटतात. आमचा रोष आहे तो पुढल्या गोष्टीवर. मळी सांडली तर काय करायचे याची कोणतीही योजना आपल्याकडे नव्हती, अशी कबुली कंपनीच्या अधिकाऱ्यांनी दिली. अनेक वर्षे हजारो टन मळी ज्या नळांतून समुद्राच्या माथ्यावरून वाहत होती, ते नळ फुटू शकतात हा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही. कारण आत होते ते खाद्य! ‘खाद्य’ या एका शब्दाने सावधगिरीला झोप लावली.

खटला उभा राहिला तो १८९९ च्या एका जुन्या कायद्याखाली. जलमार्गात कचरा टाकण्यास मनाई करणारा तो कायदा. कचरा गोड की कडू, हे तो विचारीत नाही. २०१५ साली कंपनीने गुन्हा कबूल करून १० लाख डॉलर भरले. त्याच वर्षी हवाई राज्याशी १ कोटी ५४ लाख डॉलरची तडजोड झाली. आकडा डोळे दिपवणारा खरा, परंतु त्यातले रोख म्हणून राज्याच्या हाती यायचे होते ५९ लाख. उरलेली रक्कम म्हणजे कंपनीच्या स्वतःच्याच मळीच्या टाक्या आणि नळ काढून टाकण्याचा अंदाजी खर्च. आपले घर आवरण्याचा खर्चही भरपाईत धरण्याची ही रीत आम्हांला तरी मानवत नाही.

हे सारे दूरच्या बेटावर घडले, असे कोणी म्हणेल. मे २०१८ मध्ये पंजाबात एका साखर कारखान्याची मळी बियास नदीत गेली आणि असंख्य मासे गुदमरून मेले. कारखान्याला ५ कोटी रुपये दंड झाला. आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरात खाद्यतेल नळांतूनच उतरते. या किनाऱ्यावर मासळीवर जगणारी गावे आहेत. म्हणून बंदर चालवणाऱ्यांना व प्रदूषण मंडळाला आमचे विचारणे आहे : किनाऱ्यालगतच्या टाक्यांतले तेल, मळी, साखरेचा पाक समुद्रात गेला तर पहिल्या तासात कोणी काय करायचे, हे कोठे लिहून ठेवले आहे? असेल तर ते कोळीवाड्यांच्या हाती, मराठीत, द्यावे. नळांची तपासणी शेवटी केव्हा झाली, तेही त्याच कागदावर लिहावे.