कुत्र्याशी संबंध नसलेल्या श्वान पेशी

हात खोल कापला आणि मज्जातंतू तुटला, तरी काही महिन्यांनी बधिर बोटांत अनेकदा पुन्हा मुंग्या येऊ लागतात. त्यात मोठा वाटा श्वान पेशींचा. (कुत्र्याचा इथे संबंध नाही, हे नाव थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञावरून पडले.) मज्जातंतूला वेढून त्याला आधार देणाऱ्या या पेशी, तो तुटला की भराभर विभागतात आणि नव्या तंतूला वाट करून देतात.

प्रयोगशाळेतल्या बशीत मात्र त्या ढिम्म राहत. गाईच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क घातला तरच विभागत. अर्कातले नेमके कोणते प्रथिन हे घडवते? जेरेमी ब्रॉक्स आणि ग्रेग लेम्के यांनी अर्काचे भाग पाडले, प्रत्येक भाग पेशींवर घालून पाहिला, जो लागू पडला त्याचे पुन्हा भाग पाडले. हे काम वर्षानुवर्षे चालले. १९८४ मध्ये ३१,००० डाल्टन वजनाचे ते प्रथिन वेगळे झाल्याचे त्यांनी जाहीर केले.

पुढे १९९२-९३ मध्ये कर्करोगाच्या अभ्यासकांना एचईआर-२ हा ग्राही चेतवणारे एक प्रथिन मिळाले. स्नायूंच्या अभ्यासकांना कोंबडीच्या मेंदूत आणखी एक सापडले. जनुक पाहिले तर सगळ्यांचे एकच! आज त्याला न्यूरेग्युलिन-१ म्हणतात. एचईआर-२ रोखणाऱ्या हर्सेप्टिनने काही रुग्णांचे हृदय का कमकुवत होते, हे कोडेही बरेचसे त्याच्यामुळेच सुटले.

संशोधनाच्या अनुदानासाठी ‘याचा उपयोग काय?’ हे आधीच लिहून मागण्याचा हट्ट म्हणूनच खटकतो. ब्रॉक्स आणि लेम्के यांनी प्रामाणिकपणे लिहिले असते, तर ‘श्वान पेशी विभागतील’ एवढेच. त्यात ना स्तनाचा कर्करोग आला असता, ना हृदय.

आणि कुष्ठरोग तर नाहीच. त्याचे जंतू श्वान पेशींतच घर करतात. ते एचईआर-२ या ग्राहीलाच थेट चिकटून मज्जातंतूचे आवरण उतरवतात, असे २००६ मध्ये दिसून आले. जगातले निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरुग्ण भारतात आढळतात. गोळ्यांनी जंतू मरतात; पण उशीर झालेला असेल तर बधिर तळवा बधिरच राहतो. तिथे पडलेली जखम रुग्णाला कळतही नाही.