विश्लेषण : कमी डेटाचे स्वस्त मोबाइल प्लॅन नेमके कुणाच्या फायद्याचे?

ऑगस्ट २०२५ मध्ये जिओ आणि एअरटेल या दोन मोठ्या कंपन्यांनी रोज १ जीबी डेटाचा २४९ रुपयांचा प्लॅन (जिओचा २८ दिवसांचा, एअरटेलचा २४ दिवसांचा) ऑनलाइन यादीतून काढला. दुकानात तो मिळेल, असे जिओचे म्हणणे होते. जिओवर रोज डेटा हवा असेल तर त्यानंतर सुरुवात २९९ रुपयांपासून, दिवसाला दीड जीबी. फरक ५० रुपयांचा. पण वर्षाला १३ रिचार्ज धरले तर एका फोनमागे ६५० रुपये, आणि घरात तीन फोन असतील तर जवळपास दोन हजार.

स्वस्त प्लॅन खरेच स्वस्त होता का?

जिओचा हिशेब केला तर २४९ रुपयांत २८ जीबी, म्हणजे जीबीमागे ८ रुपये ९० पैसे. २९९ रुपयांत ४२ जीबी, म्हणजे जीबीमागे ७ रुपये १० पैसे. कंपन्या हेच गणित पुढे करतात. मात्र हे गणित सगळा डेटा वापरणाऱ्यालाच लागू होते. घोडबंदर गावातून रोज ठाण्याला किंवा काशिमीऱ्याला कामाला जाणाऱ्या माणसाला यूपीआय, व्हॉट्सअॅप, ओटीपी आणि थोडे व्हिडीओ एवढेच लागत असेल, तर जास्तीचा अर्धा जीबी रात्री बारा वाजता वाया जातो. बहुतेक प्लॅनमध्ये उरलेला रोजचा डेटा दुसऱ्या दिवशी मिळत नाही. अशा ग्राहकासाठी जीबीचा दर बिनमहत्त्वाचा. खिशातून एका वेळी किती जातात, हे त्याच्या दृष्टीने खरे.

खालच्या पायरीवर काय आहे?

जिओचा १८९ रुपयांचा प्लॅन २८ दिवसांचा, पण त्यात डेटा संपूर्ण मुदतीसाठी २ जीबी. एअरटेलचा १९९ रुपयांचाही तसाच. म्हणजे जिओवर महिन्याला २ जीबीवरून थेट ४२ जीबीवर उडी. महिन्याला आठ-दहा जीबी लागणारा माणूस यात बसतच नाही, आणि असे लोक कमी नाहीत. डेटा अजिबात नको असलेल्यांसाठी ‘ट्राय’ने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल आणि एसएमएसचे प्लॅन देणे बंधनकारक केले. त्यानंतर जिओने ८४ दिवसांसाठी ४४८ रुपयांचा आणि एअरटेलने ४६९ रुपयांचा प्लॅन आणला. दिवसाला साधारण साडेपाच रुपये. ज्येष्ठांना आणि साधा फोन वापरणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. मधल्या माणसाचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

रोजची मर्यादा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो, तेव्हा १ एमबीची फाइल उतरायला दोन मिनिटे लागतात. कागदोपत्री याला ‘अमर्याद’ म्हणतात.

मर्यादेमुळे नेटवर्कवरचा ताण कमी होतो?

फारसा नाही. संध्याकाळी घोडबंदरहून गायमुख घाटाकडे गाड्यांची रांग लागली की त्यातले सगळे फोन एकाच वेळी मोजक्या टॉवरांवर येतात. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. रेंज पूर्ण दिसते, तरी व्हिडीओ गोल फिरत राहतो, कारण टॉवरची क्षमता तेवढ्या फोनांत वाटली जाते. पहाटे तीनला तोच टॉवर जवळजवळ रिकामा असतो. टॉवरचे भाडे, वीज, फायबर आणि स्पेक्ट्रमचा हप्ता दोन्ही वेळी तेवढाच. तेव्हा कंपनीला भार पडतो तो गर्दीच्या तासातल्या जीबीचा. रात्रीचा जीबी जवळपास फुकटात जातो. रोजची मर्यादा या दोहोंत फरक करत नाही. उलट दीड जीबीचे पैसे भरलेच आहेत तर वापरू, असे वाटून घाटातल्या कोंडीतच रील्स जास्त पाहिल्या जातात. तांत्रिकदृष्ट्या कमी वापरणारा ग्राहक नेटवर्कला परवडणारा असतो. त्यालाच वरच्या प्लॅनमध्ये ढकलले जात आहे.

मग कंपन्या असे का करतात?

उत्तर ताळेबंदात आहे. प्रतिग्राहक सरासरी मासिक उत्पन्न हा या व्यवसायाचा मापदंड. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरच्या तिमाहीत जिओचे सुमारे १ कोटी ९ लाख ग्राहक घटले, पण हे उत्पन्न १८१.७ रुपयांवरून १९५.१ रुपयांवर गेले. ग्राहक गमावूनही एकूण कमाई वाढली. बीएसएनएलकडे त्या जुलैत २९ लाखांहून अधिक ग्राहक वळले, तरी मोठ्यांचे गणित बिघडले नाही. याला दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर दर इतके कोसळले की अनेक कंपन्या बाजारातून गेल्या. व्होडाफोन आयडियाची थकबाकी भागभांडवलात बदलल्यावर त्या कंपनीत सरकारचा हिस्सा २०२५ मध्ये ४८.९९ टक्क्यांवर पोहोचला. फाइव्ह-जीवर झालेला खर्च कुठून तरी वसूल व्हायचाच. खरा धोका स्पर्धा आटल्याचा आहे : दोन कंपन्यांनी एकाच महिन्यात एकच पायरी काढली, तर ग्राहकाला जायला जागा उरत नाही.

पर्याय काय?

दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना आहे. ‘ट्राय’ सहसा त्यात पडत नाही. पण केवळ कॉलच्या प्लॅनबाबत जो हस्तक्षेप झाला, तसाच महिन्याला ८-१० जीबीच्या, रोजच्या मर्यादेविना चालणाऱ्या प्लॅनबाबत करता येईल. दुसरा मार्ग ‘पीएम-वाणी’चा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत किराणा दुकानदारही वायफाय विकू शकतो. दुकानदारांना महागडी जोडणी परवडत नव्हती, म्हणून जून २०२५ मध्ये ‘ट्राय’ने त्यांच्या ब्रॉडबँड दराला घरगुती दराच्या दुपटीची कमाल मर्यादा घातली. घोडबंदरच्या नाक्यावरच्या एखाद्या दुकानात असे वायफाय सुरू झाले, तर १८९ रुपयांच्या प्लॅनवरही महिना काढता येईल, आणि टॉवरवरचा भारही तेवढा हलका होईल.